दुसरी रेघ

गावाचं नाव मी सांगणार नाही. आत्ता सांगणार नाही आणि शेवटी हळूच सांगेन, असंही नाही. रत्नागिरी जिल्ह्यात आहे, समुद्राला लागून आहे आणि माझ्या आईचं माहेर आहे, एवढ्यावर भागवून घ्या. का सांगत नाही ते वाचल्यावर कळेलच.

मी विजयश्री. पिंपरीत संत तुकाराम नगरात राहते, दहावीत आहे. या सप्टेंबरपर्यंत मी हजेरीलासुद्धा इतकं हळू ‘येस मॅडम’ म्हणायचे की वर्गात बसलेली असताना माझी गैरहजेरी लागायची. मग वक्तृत्व स्पर्धेत आमच्या वर्गाची मुलगी आयत्या वेळी तापाने पडली, मॅडमनी मला पुढे ढकललं आणि मी चक्क पहिली आले. तेव्हापासून पप्पा म्हणतात, या पोरीच्या तोंडाला ओव्हरटाइम लागलाय. पप्पा चाकणला कंपनीत आहेत, त्यांना सगळ्या उपमा तिथल्याच सुचतात.

तर अशी मी, नवीन नवीन बोलायला लागलेली, दिवाळीच्या सुट्टीत रोहिदासमामाकडे गेले. मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ. त्याची एक लाकडी होडी आहे, मागे इंजिन लावलेली, आणि तो गळ आणि छोटी जाळी टाकून मासे धरतो. त्याचा मुलगा समर्थ समुद्राला कंटाळून चिपळूणला मोबाइलच्या दुकानात लागलाय. होडीत मामाबरोबर जायला घरात कुणी उरलं नव्हतं, म्हणून मी हट्ट केला आणि मामा नको नको म्हणत मला घेऊन गेला.

बरंच आत गेल्यावर त्याने इंजिन बंद केलं. मला म्हणाला, मागे वळ, किनाऱ्याकडे बघ आणि काय दिसतंय सांग. मी म्हटलं, देवळाचा कळस दिसतोय आणि कळसाच्या बरोब्बर मागे डोंगरावरचा मोबाइलचा टॉवर. मामा हसला. पूर्वी तिथे एकच झाड होतं म्हणे. ते पडलं तेव्हा मामा आठवडाभर जेवला नव्हता, मग नशिबाने कंपनीने टॉवर त्याच जागी उभा केला. कळस आणि टॉवर एकामागे एक आले की होडी एका रेषेवर असते. मग मामाने मला डावीकडे बघायला सांगितलं. तिकडेही अशाच दोन गोष्टी एकामागे एक आल्या होत्या. त्या कोणत्या ते मी सांगणार नाही. पहिली रेघ सांगितली कारण ती आता गेलीच आहे.

जिथे या दोन रेघा एकमेकींना कापतात तिथे पाण्याखाली एक खडप आहे, खडकाळ उंचवटा. मामाने आकडी टाकून खडपात अडकून राहिलेला एक जुना दोर हलकेच वर ओढला. दोराला काळ्या द्राक्षांचे घड लटकलेले. अगदी द्राक्षंच, फक्त मऊ आणि गार. माकुळाची अंडी होती ती, म्हणजे शाई सोडणाऱ्या त्या मऊ, सोंडा असलेल्या माशाची. एक घड मी उन्हात धरला तर एका द्राक्षात काहीतरी हललं. मी किंचाळणार होते, पण मामाने घड माझ्या हातातून काढून पटकन पाण्यात सोडला, जसं झोपलेल्या बाळावरचं पांघरूण सरकलं की आपण ओढतो तसं.

“ही जागा माझ्या बापाशीन मला दाखवली, त्याला त्याच्या बापाशीन,” मामा म्हणाला. “जो सुकाणू धरणार त्यालाच दाखवायची. आता माझ्याकडं तूच हायस गो. कुणाला सांगायचं नाय. तुझ्या आयशीला पण नाय.”

लेकींना सांगत नाहीत, असा रिवाज आहे. लेकी लग्न होऊन दुसऱ्या घरी जातात आणि खुणाही बरोबर नेतात, म्हणून. माझ्या आईला म्हणजे त्या घरात जन्मून काही माहीत नव्हतं आणि मला, साताऱ्याच्या बापाच्या लेकीला, सगळं माहीत झालं. मला त्या दिवशी आपण फार मोठे झालो असं वाटलं होतं.

दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत मामाचा फोन आला. सरकारने एक निर्णय काढला होता, मोठ्या जाळ्यांच्या बोटींना काही महिने किनाऱ्याच्या आणखी जवळ येऊ द्यायचं. या बोटी माशांच्या थव्याला जाळ्याने गोल वेढतात आणि खालून दोरी आवळतात, पिशवीचं तोंड आवळावं तशी. त्यात काही जण पाण्यावर मोठाले दिवे सोडतात. दिव्यांना बंदी आहे, पण समुद्र केवढा आणि गस्तीची बोट एक. दिवा लागला की माकूळ खडपातून उठतं आणि उजेडाकडे येतं. बस, संपलं. एका रात्रीत खडप रिकामं, आणि अंडी घालायला पुढच्या वर्षी कुणी परत येत नाही.

निर्णयाविरुद्ध तक्रारी गेल्या म्हणून एक समिती नेमली होती. या निर्णयाने समुद्राचं काय होईल ते तपासायचं आणि तो तसाच ठेवावा, बदलावा, की काही जागा त्यातून वगळाव्यात, हे सरकारला सांगायचं, असं तिचं काम. ज्यांना एखादी जागा वगळून हवी असेल त्यांनी सुनावणीत सांगावं. सुनावणी ऑनलाइन.

मामा चार दिवस गप्प होता. खडप वाचवायचं तर ते कुठे आहे ते सांगायला हवं, आणि सांगायचं तर बापजाद्यांचा शब्द मोडतो. पाचव्या दिवशी तो म्हणाला, सरकारला सांग, गावाला नको. त्याच्या डोळ्यापुढे तहसील कचेरी होती. चिठ्ठी आत जाते, आपण आत जातो, शिपाई दार लावतो आणि साहेब एकटे असतात. माझ्याही डोळ्यापुढे तसंच काहीतरी होतं, फक्त स्क्रीनवर. आमच्या दोघांच्याही मनात हे आलंच नाही की सुनावणीला दार नसतं.

गावातली निम्मी माणसं मोठ्या बोटींवर कामाला आहेत, म्हणून मामा स्वतः बोलणार नव्हता. त्याच्या वतीने मी बोलणार होते. मी इतकी खूश होते की वरच्या मजल्यावरच्या आम्रपालीकडून, म्हणजे माझ्या मैत्रिणीकडून, तिच्या दादाचा लॅपटॉप आणला. उपग्रहाच्या नकाशावर दोन लाल रेघा काढल्या. भूमितीत रेषाखंड वाढवायला शिकवतात ना, तशा किनाऱ्यावरून समुद्रात वाढवल्या. जिथे छेदल्या तिथे टिंब दिलं. आणि आदल्या संध्याकाळी त्या नकाशापुढे बसून भाषणाचा सराव केला.

आई दारातून बघत होती. तिला तो नकाशा म्हणजे अभ्यासातलं काहीतरी वाटलं. तिने माझा फोटो काढला, आणि पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्या आमच्या गावकऱ्यांचा जो ग्रुप आहे, त्यावर टाकून दिला. खाली लिहिलं, आमची विजू उद्या सरकारपुढे बोलणार, आशीर्वाद असावा. त्या ग्रुपवर कुणाला नोकरी लागली, कुणाची गाडी आली, कुणाचं पोर रांगायला लागलं, सगळं येतं. न टाकणाऱ्यालाच लोक विचारतात, काय गं, बरं आहे ना घरी. भराभर टाळ्यांची आणि फुलांची चित्रं आली. आई एकेक मला वाचून दाखवत होती आणि मी, मूर्ख, लाजत होते.

तासाभरात बेल वाजली. दारात धनेशमामा, हातात पेढ्यांचा बॉक्स.

धनेशमामा आमच्या रक्ताचे कुणी नाहीत. आईच्या गावचे म्हणून ते मामा, आणि गावकरी मंडळाचे सेक्रेटरी. भोसरी एमआयडीसीत त्यांचं वर्कशॉप आहे, तिथे दिव्यांच्या स्टीलच्या चौकटी बनतात. कुणी विचारलं की सांगतात, मांडवाचे लाइट. पण मांडवाच्या लाइटला खाऱ्या पाण्यात टिकणारा रंग कशाला लागतो, असं पप्पा एकदा हळूच म्हणाले होते. गावाकडच्या दोन मोठ्या बोटींत त्यांची भागी आहे, हेही सगळ्यांना माहीत आहे. तरी ते पेढे घेऊन आले तर त्यांना चहा द्यायचाच असतो.

ते खूप छान बोलले. माझ्या डोक्यावर हात ठेवला, पप्पांच्या शिफ्टची चौकशी केली, आईला म्हणाले, दीपाताय, तू मंडळाच्या हळदीकुंकवाला दिसली नाहीस. मग चहा बशीत ओतता ओतता, माझ्याकडे न बघता म्हणाले, “नकाशा मस्त काढलायस हां विजू. देवळापासनं निघालेली रेघ तर एकदम झकास. दुसरी कुठनं निघते गो? तुझं डोकं आलंय मध्ये.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी आईचा फोन हिसकावून घेतला आणि फोटो मोठा करून बघितला. स्क्रीनवर कळसापासून समुद्रात गेलेली लाल रेघ स्वच्छ दिसत होती. दुसरी रेघ आणि टिंब माझ्या डोक्यामागे, माझ्या दोन वेण्यांमागे झाकलं गेलं होतं. आई म्हणाली होती, केस मोकळे सोड, छान दिसतील. मी कंटाळा केला होता, नाहीतर पहिली रेघही झाकली गेली असती.

“शाळेचा प्रोजेक्ट आहे,” मी म्हटलं. वक्तृत्वात पहिली आलेली मुलगी, आणि आवाज सप्टेंबरच्या आधीचा.

“असू दे, असू दे,” ते म्हणाले. “उद्या ऐकूच की. लिंक सगळ्यांना आहे, मी पण येतोय. तिथे तर नक्की जागा सांगावीच लागते.” पेढ्याचा बॉक्स त्यांनी माझ्याकडे सरकवला. “आणि रोहिदासाला म्हणावं, होडी जरा वर ओढून ठेव. जुनं लाकूड आहे. हल्ली पोरं किनाऱ्यावर शेकोट्या करतात.”

ते गेल्यावर पप्पांनी दाराची कडी लावली. थोड्या वेळाने उठून परत बघितली. पेढ्यांचा बॉक्स कुणी उघडला नाही.

मग मला आईला सगळं सांगावं लागलं, रेघा म्हणजे काय ते. सांगताना माझ्या लक्षात आलं की मी मामाचा शब्द मोडतेय, पण मोडण्यासारखं आता राहिलं होतं काय? आईने फोटो काढून टाकला. काढून काय उपयोग, तो बघून झाला होता. ती पलंगाच्या कडेला बसून राहिली. मला वाटलं, फोटोचं वाईट वाटून रडेल. पण ती म्हणाली, “मला सांगितली असती त्याने जागा, तर मला कळलं नसतं का, कशाचा फोटो काढायचा नाही ते?”

मामाला फोन लावला. एक रेघ गेली, एवढंच मी कसंबसं बोलले. मामाला समजावून सांगावं लागलं नाही. जागा सापडायला दोन रेघा लागतात, पण एक मिळाली तरी माणूस तिच्यावरून पुढे मागे फिरत राहू शकतो. दिवा लावून रेघेवरून सावकाश जायचं. कधी ना कधी खडप खाली येणारच.

मामा म्हणाला, उद्या बोलूच नको. मग म्हणाला, नको, बोल, पण खोटी जागा सांग, त्याच रेघेवर पण लांब वाळूत, जिथे काही नाही तिथली. धनेश तिकडे फिरत बसेल. मी म्हटलं, मग समिती त्या वाळूला संरक्षण देईल आणि आपलं खडप उघडं राहील. पप्पा बाजूने म्हणाले, सोडून दे हे सगळं, त्यांची माणसं इथेही आहेत, तिथेही आहेत, तू रोज एकटी शाळेत जातेस. पप्पा असं कधीच बोलत नाहीत. मला धनेशमामांपेक्षा पप्पांच्या त्या आवाजाची जास्त भीती वाटली.

त्या रात्री मी आईशेजारी झोपले, लहानपणी झोपायचे तशी.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले नाही. पोट दुखतंय, असं मॅडमना कळवलं आणि ते खरंच दुखत होतं. पप्पांना सुट्टी मिळाली नाही, कंपनीच्या बसमधून त्यांचे दोन फोन आले. आम्रपाली माझ्याबरोबर थांबली. तिने आधी लॅपटॉपवरचा नकाशा पुसून टाकला, मग माझ्या मागची भिंत तपासली, मग खिडकीचा पडदा लावला. म्हणाली, तुझ्या मागे देवांचा फोटोसुद्धा नको, काय सांगावं. आईने आपल्या फोनवरून मामाला लावलं आणि फोन स्क्रीनच्या बाजूला उशीवर ठेवला, म्हणजे मामाला ऐकू येईल.

काय बोलायचं ते माझं अजून ठरलं नव्हतं. जागा सांगावी तर धनेशमामा ऐकणार, न सांगावी तर खडप राहणार नाही आणि खोटी सांगायला जीभ उचलत नव्हती.

सुनावणी सुरू झाली. स्क्रीनवर चौकोनच चौकोन. कॉलेजातल्या एका सरांनी माशांच्या विणीचं सांगितलं, एका बोटमालकाने कर्जाचं सांगितलं, एका बाईने मासळी बाजाराचं. मी कुणाचंच धड ऐकत नव्हते. मी चौकोन शोधत होते. सापडला. कॅमेरा बंद आणि त्या जागी फोटो, मंडळाच्या सत्कारातला, गळ्यात हार घातलेले धनेशमामा हसतायत. सगळा वेळ ते माझ्याकडे बघून हसत होते, असं मला वाटत राहिलं.

मग माझं नाव आलं. समितीच्या अध्यक्षबाई दमलेल्या पण नीट वागणाऱ्या होत्या. त्यांनी विचारलं, बाळा, कोणाच्या वतीने? मी मामाचं नाव सांगितलं. मग सांगायला लागले, काळ्या द्राक्षांचं, हाताला लागलेल्या गार स्पर्शाचं आणि त्यातल्या एकात काहीतरी हललं त्याचं. आवाज कापत होता, तो कापू दिला. दिवा लागला की काय होतं ते सांगितलं. बाईंनी मान डोलावली आणि मला ज्याची भीती होती तेच विचारलं. जागा कुठली?

आम्रपालीने टेबलाखाली माझा हात धरला, तिचाही हात ओला होता.

बाई म्हणाल्या, जागा सांगितली नाही तर मला फक्त तुमच्या भावना नोंदवता येतील. भावना वगळता येत नाहीत, जागा वगळता येते.

मी स्क्रीनवर त्यांनी लावलेल्या किनाऱ्याच्या नकाशाकडे बघत होते. माझ्या डोळ्यांना तिथे न काढलेल्या दोन्ही रेघा दिसत होत्या, आणि टिंबही. मला वाटलं, मी टिंबाकडे बघतेय हे माझ्या डोळ्यांवरून धनेशमामांना कळेल. म्हणून मी मुद्दाम नजर फिरवली, सगळ्या नकाशावर फिरवली. खाडीच्या तोंडापासून ते बेटापर्यंत. आणि फिरवता फिरवता सुचलं. टिंब लपवायचं तर आख्ख्या नकाशात लपवायचं.

“खाडीच्या तोंडापासून बेटापर्यंतचा सगळा पट्टा,” मी म्हटलं. “खडप त्यात आहे. कुठे ते मी इथे सांगणार नाही, कारण ऐकणाऱ्यांत सगळेच माकुळाच्या बाजूचे नाहीत.”

मग बाईंनी चष्मा काढला. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मला एकेक गोष्ट सरळ सांगितली. विणीसाठी पट्टा वगळायचा म्हणजे तो सगळ्यांना बंद होतो, मोठ्या बोटींना आणि लहान होड्यांनाही. जाळं नाही, गळ नाही, नांगरसुद्धा टाकायचा नाही. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत. गावातल्या लहान होड्या त्याच पट्ट्यात जातात ना? तुझे मामा तिथेच जातात ना?

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. खरंच नव्हतं. टिंब लपवायच्या नादात मी मामाचा सगळा समुद्र झाकून टाकला होता. तो काय खाणार, आणि बाकीचे होडीवाले त्याला काय म्हणणार? ‘बंद करून आला’ असंच म्हणणार. मागे घ्यावं असं वाटलं.

“तुझ्या मामांना हे मान्य आहे का?” बाईंनी विचारलं.

मी उशीवरच्या फोनकडे बघितलं. आईने तो उचलून माझ्या तोंडाजवळ धरला.

“मामा, ऐकलंस?”

पलीकडे समुद्राचा आवाज. कितीतरी वेळ तेवढाच. आई डोळे मिटून उभी होती.

“सांग,” मामा म्हणाला. “मान्य हाय म्हणून सांग.”

मी सांगितलं. बाई लिहून घेत होत्या तेवढ्यात एका चौकोनाची कड पिवळी झाली. हारवाला फोटो बोलायला लागला. आवाज तसाच गोड, पण घाईचा. “मॅडम, एवढा पट्टा बंद करायची काय गरज? ते खडप देवळाच्या रेघेवरच आहे कुठेतरी, तेवढीच रेघ तपासा ना.”

बाईंनी वर बघितलं. “कुठली रेघ? या मुलीने तर कुठली रेघ सांगितली नाही.”

धनेशमामांचा चौकोनच नाहीसा झाला. आत्ता कोण बोललं त्याचं नाव बाईंनी विचारून घेतलं आणि लिहिलं, मग म्हणाल्या, संपूर्ण पट्ट्याची मागणी नोंदवली आहे, समितीचा अहवाल जाईपर्यंत गस्त वाढवायला आम्ही कळवतो. कळवतो म्हणाल्या. गस्त आजच येईल असं काही म्हणाल्या नाहीत.

आम्रपालीने मला मिठी मारली. म्हणाली, तू भारी आहेस यार. मी भारी वगैरे नव्हते.

कारण अहवाल जाणार पुढच्या महिन्यात, आणि रेघ गेली होती काल.

अंधार पडायच्या सुमाराला मामाचा व्हिडिओ कॉल आला. पप्पा घरी आले होते, बूटही काढले नव्हते. आम्ही तिघं एका फोनवर वाकलो. मामाने होडी वर, पार माडांपर्यंत ओढून आणली होती. गावात बातमी पोचली होती. दुपारी दोघे होडीवाले येऊन त्याच्या अंगणात थुंकून गेले होते, हे त्याने अगदी सहज सांगितलं. मग म्हणाला, बघ.

तो दुसऱ्या रेघेच्या मागच्या खुणेपाशी जाऊन उभा होता. समोर, जरा खाली, पुढची खूण दिसत होती आणि तिच्यापलीकडे काळा होत चाललेला समुद्र. आई त्या दोन खुणांकडे बघत होती. लहानपणापासून रोज पाहिलेल्या गोष्टी, आणि त्या काय आहेत ते तिला आज कळत होतं.

समुद्रावर एक दिवा लागला. पांढरा, टोचणारा, विझत आलेल्या उजेडात भोक पाडल्यासारखा. तो हलत होता, हळूहळू, उजवीकडून डावीकडे. देवळाच्या रेघेवरून. पुढच्या खुणेच्या दिशेने.

मला एवढंच माहीत होतं की दिवा त्या खुणेच्या बरोबर मागे आला म्हणजे तो खडपावर आला. तिथे थांबला, तर जाळं पडणार. पप्पांना खुणांमधलं फारसं कळत नव्हतं, पण त्यांनी माझा खांदा घट्ट धरला होता. दिवा सरकत होता. मामाच्या हातातला फोन मुळीच हलत नव्हता.

दिवा खुणेच्या मागे गेला.

नुसती खूण राहिली, काळी, आणि तिच्या कडांनी उजेडाची बारीक झालर. मी मनात म्हणत होते, पुढे जा, पुढे जा, पुढे जा. आईचं कपाळ माझ्या कपाळाला लागलं होतं. ती घामाने भिजली होती.

झालर एका बाजूने रुंद झाली. मग दिवा खुणेच्या पलीकडून बाहेर आला, आणि तसाच सावकाश डावीकडे सरकत राहिला.

दिवा परत फिरेल, हे चौघांनाही माहीत होतं. रेघेच्या टोकाला जाईल आणि वळून येईल, आज नाहीतर उद्या, आणि दर वेळी त्या खुणेमागे जाईल.

“जेवलीस काय गो?” मामाने विचारलं.

मी नाही म्हटलं.

“जेव जा,” तो म्हणाला. “मी हाय हितं.”